दोघींची एजंट

२ फेब्रुवारी, सोमवार

आज पाटी लागली. 'घर विकणे आहे', आणि खाली माझा फोन नंबर. मोठ्या साहेबांचं ऑफिस सोडल्यावर पूर्णपणे माझं म्हणावं असं हे पहिलंच घर. पाटी जरा वाकडी लागली आहे, पण माझी आहे.

घर दुमजली, अरुंद, उताराच्या गल्लीत शेवटून दुसरं. मालकीणबाई दातांच्या कवळ्या बनवतात. डॉक्टर नाहीत त्या. डॉक्टर माप घेऊन साचा पाठवतात आणि तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून या कवळी करतात. खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा आत गेले तेव्हा अख्खं गाव आपल्याला हसतंय असं वाटलं. मी त्यांना ताई म्हणते. घरी नवऱ्याशी बोलताना कवळीताई. पासष्टी उलटलेली, लग्न केलेलं नाही, गुडघे कामातून गेलेले. झोपायची खोली आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर, त्यामुळे जिना म्हणजे रोजची शिक्षा. लिफ्ट असलेल्या इमारतीत त्यांनी छोटा फ्लॅट बघून ठेवला आहे.

माझे कागद त्यांनी दात तपासायचं भिंग लावून वाचले. एका कलमापाशी थांबल्या. गिऱ्हाईकही मीच आणलं तर दोन्ही बाजूंचं काम मी करीन आणि त्याला त्यांची हरकत नाही, असं ते कलम.

"म्हणजे तू माझीही आणि तिचीही?"

मी म्हटलं, हो, घेणारा जो कोणी असेल त्याचीही. त्यांनी सही केली, भिंग पुसून ठेवलं आणि म्हणाल्या, "कोणालाही वीक. फक्त माझ्या बहिणीला नको."

बहीण घ्यायला येणार आहे का, असं विचारलं तर त्यांनी कवळीचे दात घासायची मोटर सुरू केली. त्या मोटरपुढे कोणाचंच काही चालत नाही.

नवऱ्याला ते दोन्ही बाजूंचं कलम समजावून सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणाला, "लिफ्टसुद्धा वर जाणाऱ्याची आणि खाली येणाऱ्याची एकच असते. पण एका वेळी दोन्हीकडे जात नाही." मी म्हटलं, तू जेव.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गिऱ्हाईक आलं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

बाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. साठीच्या जवळ आलेल्या, आवाज खणखणीत, केस अगदी बारीक कापलेले. शिकवायच्या गाडीतूनच आल्या, ती दोन ब्रेकवाली. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या. गाडी समोरच्या बाजूला लावली आणि तिथूनच घर बघत बसल्या. आत चला म्हटलं तर नको म्हणाल्या, घर सुनेच्या नावावर घ्यायचं आहे, तीच येऊन बघेल. मग बराच वेळ घराकडेच बघत होत्या. इंजिन चालूच.

"वरच्या खोलीत सकाळचं ऊन येतं ना अजून?"

येतं म्हटलं. त्यांनी लगेच माझ्या कागदांवर सही केली. कलम वाचलंसुद्धा नाही.

म्हणजे विकणारी माझी आणि घेणारीही माझी. दोन्ही हातांत लाडू. साहेबांच्या ऑफिसात अशा व्यवहाराला 'सोन्याचं अंडं' म्हणायचे. साहेबांना फोन करून सांगावं असं फार वाटलं. केला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सून घर बघून गेली. शांत मुलगी, सगळीकडचे फोटो काढले. कवळीताईंनी कमाल केली. गुडघे धरत धरत स्वतः जिना चढल्या आणि प्रत्येक खोली दाखवली. घरात माणसं किती, सासूबाईंची तब्येत कशी असते, त्यांना अजून खोकला होतो का, सगळं विचारलं. माझ्याशी चार शब्द बोलायला ज्यांना जड जातं त्या इतकं बोलल्या. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं मला शिकवावं लागलं नाही, बरं झालं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काय करू ते कळत नाही. आधी झालं ते लिहून काढते.

आज ड्रायव्हिंगवाल्या मॅडमनी मला गाडीत बसवलं, शिकाऊ माणसाच्या जागी. गाडी चालवता येते का, विचारलं. येते म्हटलं. मग चालव म्हणाल्या, चालवणारा माणूस ऐकून घेतो, नुसता बसलेला वाद घालतो. वळणावर आल्यावर त्यांनी सांगितलं की कवळीताई त्यांची सख्खी थोरली बहीण आहे. तपभर दोघींमध्ये एक शब्द नाही.

मी नेमका ब्रेक दाबला की त्यांनी, ते माहीत नाही. गाडी थांबली.

त्या म्हणाल्या, "तू माझीही एजंट आहेस ना? मग हे तुझ्यापाशीच राहायला हवं. ताईला कळलं तर ती मेली तरी विकणार नाही."

आणि ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आहे, बहिणीला नको. म्हणजे थोरलीची एजंट म्हणून मी हे तिला सांगायलाच हवं. आणि धाकटीची एजंट म्हणून तोंड उघडायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, दोन्हीकडच्या सह्या घेऊन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी साहेबांना फोन केलाच. नावं न घेता सगळं सांगितलं. साहेब हसले.

"तू नक्की कोणाची?"

"दोघींची."

"मग कोणाचीच नाहीस. तेच तर यातलं सुख आहे. दोघींचं ऐकून घे, दोघींना अर्धं सांग, सह्या होईपर्यंत हसत राहा."

साहेब असं बोलतात म्हणूनच मी ते ऑफिस सोडलं होतं. आज मात्र त्यांचं बोलणं ऐकून जीव भांड्यात पडला, आणि मग जीव भांड्यात पडला म्हणून स्वतःचाच राग आला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताईंनी जिन्याखालची ओल दाखवली. भिंत बोटानं दाबली तर पापुद्रा निघतो. म्हणाल्या, "तिला हे सांग. लपवू नकोस."

विकणाऱ्यानं आपणहून घराची उणीदुणी सांगायला लावावीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. सांगितलं तर धाकटी भाव पाडणार, म्हणजे थोरलीचं नुकसान. नाही सांगितलं तर धाकटीची फसवणूक. पण थोरलीच सांग म्हणते आहे, तेव्हा प्रश्नच कुठे उरतो? तरी दिवसभर मनाची तयारी करत होते. संध्याकाळी धाकटीला दबकत दबकत सांगितलं.

त्या म्हणाल्या, "ती ओल माझ्याहून थोरली आहे. आम्ही तिथे उन्हाळ्यात पाठ टेकून बसायचो." आणि हसल्या. मग गाडीच्या काचेवरची धूळ पुसत बसल्या, आतून.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज ताईंकडे तासभर बसले. बहिणीशी काय बिनसलं ते विचारायचं नव्हतं, पण त्यांनी स्वतःच काढलं. एका कवळीच्या पुढच्या दातांत दोरा घालून रांग बघत होत्या आणि माझ्याकडे न बघता सांगत होत्या.

ताई तरुण असताना एक दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे काम पाठवायचे. दोघांचं जमलं होतं. डॉक्टरांना दूरच्या शहरात नोकरी लागली आणि ते म्हणाले, माझ्याबरोबर चल. त्या वेळी वडिलांची नजर जात चालली होती. ताई काय ते ठरवत होत्या, आणि एक दिवस धाकटी परस्पर त्यांच्या दवाखान्यात गेली आणि सांगून आली की ताई येणार नाही. डॉक्टर आठवडाभरात निघून गेले.

"मी तिला पाठवलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "माझ्या वतीनं बोलायला कोणी सांगितलं होतं तिला?"

वडील होते तोवर बहिणी एकमेकींशी बोलत होत्या, त्यांच्यासाठी. वडील गेले त्याच आठवड्यात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, हेच सगळं पुन्हा निघालं. धाकटीनं घरावरचा हक्क सोडल्याचा कागद करून दिला आणि म्हणाली, मला या घरातली वीटसुद्धा नको.

ज्या बहिणीबद्दल त्या बोलत होत्या तिचा फोन तेवढ्यात माझ्या पर्समध्ये थरथरत होता.

निघताना ताईंनी विचारलं, गिऱ्हाईकबाई डावखुऱ्या आहेत तर वरच्या खोलीचं दार उलट्या बाजूनं उघडतं ते त्यांना सोयीचंच पडेल, नाही का? मी हो म्हटलं. रस्त्यात विचार करत होते, डावखुऱ्या आहेत हे मी ताईंना कधी बोलले? बोलले असेन. हल्ली कोणाला काय सांगितलं याचा हिशेबच राहिलेला नाही. यापुढे कानाला खडा, बोलण्याआधी दहादा विचार करायचा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आता धाकटीची बाजू.

त्या म्हणतात, ताईनंच त्यांना पाठवलं. रडत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि म्हणाली, "तूच सांग त्याला. माझ्याच्यानं होणार नाही." धाकटी गेली, सांगून आली. परत येऊन बघते तर ताई वडिलांना पेपर वाचून दाखवत होती. कसं झालं, तो काय म्हणाला, एक अक्षर विचारलं नाही. आणि मग तो गेल्यावर म्हणायला लागली, तुला कोणी सांगितलं होतं?

"मी तिचं काम केलं," त्या म्हणाल्या. "आणि तिनं कामच नाकारलं."

दोघींचं ऐकलं. दोघी खरं बोलत आहेत असंच वाटतं. ते कसं शक्य आहे ते मला सांगता येणार नाही. दोघींमधली एक नक्की खोटं बोलत असणार, पण कोण, ते दोघींचे चेहरे आठवून आठवून बघितले तरी कळत नाही.

घर का हवं आहे, तेही मी विचारलं. त्या म्हणाल्या की ताई फ्लॅटमध्ये सहा महिनेसुद्धा काढणार नाही. जिना नको म्हणते, पण त्या खोलीशिवाय तिला जमणार नाही. परत यावंसं वाटलं तर घर जागेवर असायला हवं, कोणी पाडून टाकलेलं नको. "तेव्हा सून जाऊन म्हणेल, खालची खोली रिकामीच आहे. सुनेला ती नाही म्हणणार नाही."

मी म्हटलं, हे तुम्ही ताईंना का सांगत नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चुकीच्या बाजूनं गाडी घातली.

३ मार्च, मंगळवार

काल साहेबांचा फोन आला, पाटी बघून. त्यांच्याकडे एक बिल्डर आहे, त्याला हे घर आणि शेजारचं दोन्ही घेऊन पाडायची आहेत. धाकटीपेक्षा बराच जास्त भाव देतो म्हणतो. आता हे थोरलीला सांगणं माझं कर्तव्यच. सांगितलं तर धाकटीचं घर जातं. रात्रभर तळमळले आणि सकाळी जाऊन सांगून टाकलं, कारण न सांगण्याला तर काही नावच देता येईना.

ताईंनी भाव ऐकला आणि विचारलं, त्या बाईंची सून ती खोली मुलांना अभ्यासाला देणार म्हणत होती, तिचं ठरलं का?

मी म्हटलं, ताई, बिल्डर जास्त देतोय.

"ऐकलं मी. नको."

कारण नाही, काही नाही. अशी विकणारी मी पाहिली नाही. गुडघे दुखतात, घाई आहे, आणि जास्तीचा भाव समोर ठेवला तर नको. म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणतात, ते हेच असेल.

९ मार्च, सोमवार

भाव ठरला. ताईंनी ताणून धरलं नाही आणि मॅडमनी पाडून मागितला नाही. दोघी मला विचारत होत्या, समोरच्यांना हे जड तर जात नाही ना? मी एकीचा निरोप दुसरीला सांगत होते आणि दर वेळी वाटत होतं की मी उलटाच निरोप घेऊन आले आहे. भाव असा ठरत नसतो.

गेटवर वेल्डर काम करत होता. ताईंनी गेट रुंद करून घेतलं आहे. म्हणाल्या, गाडी आत घ्यायला बरं. विकायच्या घराचं गेट कोणी स्वतःच्या पैशानं रुंद करतं का? आणि गिऱ्हाइकाकडे गाडी आहे हे तरी मी... जाऊ दे. सूनबाई बोलली असेल.

सह्या शुक्रवारी. ताई आणि सून समोरासमोर बसतील. ही आपल्या बहिणीची सून आहे हे ताईंना माहीत नाही. कागदावरच्या आडनावावरून काही कळायचं नाही, ते धाकटीच्या सासरचं.

जेवण जात नाही. नवरा म्हणतो, दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहता येतं, पण चालता येत नाही. हल्ली तो फार बोलतो.

११ मार्च, बुधवार

सांगून आले.

ठरवून गेले नव्हते. शुक्रवारी काय काय लागेल ते सांगायला गेले होते. ताईंनी ती पुढची खोली आवरायला घेतली होती. फळ्यांवरचे जबडे एकेक करून जुन्या टॉवेलात गुंडाळत होत्या, आणि मी नुसती बसू नये म्हणून मलाही एक टॉवेल दिला. एक जबडा हातात देऊन म्हणाल्या, हा आमच्या वडिलांचा, पहिली कवळी मी त्यांचीच केली. मी तो गुंडाळत होते आणि मला वाटलं, मी हिला फसवते आहे. हिच्याच घरात बसून, हिच्या बापाचे दात हातात घेऊन. मग तोंडातून निघूनच गेलं.

"ताई, घेणारी तुमची बहीण आहे."

ताईंनी हातातला साचा गुंडाळून खोक्यात ठेवला. मग स्टूल ओढून बसल्या.

"हे का सांगितलंस?"

मी म्हटलं, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बहिणीला नको. मी तुमची एजंट आहे. तुम्हाला अंधारात ठेवून सही घेणं मला जमणार नाही.

"अंधारात कोण होतं? समोर अर्धा तास ती गाडी उभी होती. शहरात असल्या गाड्या खूप असतील. पण इतका वेळ या घराकडे बघत बसणारी बाई एकच."

मला आधी समजलंच नाही. मग डोक्यात ते दार आलं, गेट आलं, सुनेला विचारलेला खोकला आला. मी विचारलं, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?

"ती पाच-सहा माणसं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. घराचा हक्क सोडून गेलेली बाई. मी दिलं असतं तर घेतलं असतं का तिनं? विकत घेते म्हणाली, तर म्हटलं घेऊ दे."

"मग अडचण काय आहे? शुक्रवारी सही करा."

"आता कशी करू?"

त्या शांतपणे सांगत होत्या, कवळी कुठे रुतते ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तशा. "मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यावर चाललं होतं. आता तू तोंडावर सांगितलंस. आता सही केली तर मी माझ्या शब्दावरून फिरले असं होतं. ती म्हणेल, ताई नमली. आणि नाही म्हटलं तर घर तिच्या हातून गेलं. तू मला काय करायचं ठेवलंस?"

मी म्हटलं, चुकलं माझं, मी सांगितलंच नाही असं समजा. त्या म्हणाल्या, ऐकलेलं परत देता येत नाही. व्यवहार रद्द कर. आणि एक, मला आधीपासून माहीत होतं हे तिला अजिबात सांगायचं नाही. तू माझी एजंट आहेस ना?

खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं तर दगड झालंय.

१२ मार्च, गुरुवार

धाकटीला सांगितलं की व्यवहार मोडला. का, विचारलं. मी त्यांना कळवलं, म्हटलं.

"कळवलंस?"

"हो. मीच."

त्यांनी फार बोलून घेतलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की तू माझीही होतीस. एका वाक्यानं त्यांचा शोक संपवता आला असता: तुमच्या ताईला सगळं माहीत होतं आणि तरीही ती तुम्हाला देत होती. ते वाक्य जिभेवर आलं आणि गिळलं, कारण ते थोरलीचं आहे. काल गिळायचं ते ओकले आणि आज ओकायचं ते गिळलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

१४ मार्च, शनिवार

ताप.

१६ मार्च, सोमवार

सकाळी दोघींना एकच निरोप पाठवला: मी तुमचं काम सोडते आहे, पुढे कोणाचीच एजंट नाही, झालं त्याबद्दल माफी असावी. साहेबांना कळलं तर हसतील. हसू देत.

दुपारी ताईंचा फोन. मागे मोठमोठ्यानं आवाज येत होता.

"ती आली आहे. थेट आत आली. तिला सांग की मला तिचं काही ऐकायचं नाही."

मागून धाकटीचा आवाज, की तिला सांग, मी ऐकवल्याशिवाय जाणार नाही. बिल्डरला घर देईल, आपल्या माणसाला नाही, असली कसली ही. बिल्डरचं कोणी सांगितलं, असं ताईंनी फोन कानालाच ठेवून विचारलं, कोणाला ते कळलं नाही. मी नव्हतं सांगितलं, देवाशपथ. साहेबांनीच गल्लीत चौकशी करून दोन्हीकडे फोन केले असणार.

"तिला सांग," ताई पुन्हा म्हणाल्या, "मी बिल्डरला केव्हाच नाही म्हटलं आहे."

किती सोपं होतं. नेहमीसारखं म्हणायचं, द्या त्यांच्याकडे फोन, मी समजावते. पाय निघालेसुद्धा होते चपलेकडे. पण मी म्हटलं, "ताई, मी आता तुमची नाही आणि त्यांचीही नाही. त्या समोर उभ्या आहेत ना? तुम्हीच सांगा." आणि फोन ठेवला.

इतक्या उद्धटपणे मी कोणाशी बोलले नव्हते. बरोबर केलं की चूक, कोणाला विचारू? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, मला काय माहीत, मी दोघींना ओळखत नाही. पहिल्यांदाच त्याच्याकडे लिफ्टचं काही नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

फोन नाही. कोणाचाच.

१० एप्रिल, शुक्रवार

आज ताईंचा निरोप आला, तुझी पाटी घेऊन जा, गेटला गंज लागतोय.

गेले. गेटच्या आत ती गाडी उभी. खालच्या खोलीतले जबडे परत फळ्यांवर आणि मधल्या भिंतीशी ताईंचा पलंग. मागच्या बाजूला नवं न्हाणीघर बांधणं चालू होतं. वरून मुलांच्या धावण्याचा आवाज. म्हणजे घर विकलं गेलेलं नाही आणि धाकटी सहकुटुंब वर राहायला आली आहे. हे कसं जमलं ते मी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही. त्या फ्लॅटचं काय झालं, तेही नाही.

दोघी भाड्यावरून भांडत होत्या. धाकटी भाडं दिल्याशिवाय राहणार नाही म्हणते, थोरली घेणार नाही म्हणते. मला बघून दोघींना एकदमच सुचलं. तूच एक कागद करून दे, म्हणाल्या, दोघींच्या बाजूनं तूच बस.

मी म्हटलं, नाही. आपापला माणूस बघा दोघींनी.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी म्हणाली, मग राहू दे, आम्हीच भांडतो, आणि गाडी शिकवायची वेळ झाली म्हणून निघून गेली. जाता जाता माझ्याशी काही बोलली नाही. त्यांनी मला माफ केलेलं नाही आणि करावं असं काही घडलेलंही नाही.

ताई काठी टेकत गेटपर्यंत आल्या. मी पाटीच्या तारा सोडवत होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्या तिकडेच बघत होत्या.

"मी सांगितलं असेन तिला त्या वेळी," त्या म्हणाल्या. "त्याला जाऊन सांग, असं. सांगितलं असेन." मग काठीवरचा हात बदलून, "पण तिनं ऐकायला नको होतं."

मी विचारलं, हे तुम्ही त्यांना बोललात?

"नाही."

"मी सांगू?"

"तू कोण सांगणार?" ताई म्हणाल्या. रागावून नाही, सहज. "तू तर आता कोणाचीच नाहीस."

पाटी काखेत घेऊन घरी आले. धाकटीला सांगायला हवं की नको, ते येताना दोन्हीकडून विचार करून पाहिलं. दोन्हीकडून बरोबर वाटतं. म्हणून इथे लिहून ठेवलं. दुसरीकडे बोलायची सोय नाही.